बहिष्कार हाच समाजद्रोह : नाशिकचा सत्याग्रह आणि वसलसुत्ताचा निकष

समाजविघातक कोणास म्हणावे, हा प्रश्न वरकरणी दिसतो तितका सोपा नाही. चोरी, मारहाण, दंगा, खोटी साक्ष ही कृत्ये समाजविघातक होत याविषयी सहसा कोणाचे दुमत होत नाही. परंतु एखाद्या कुटुंबास दुकानदाराने मीठमिरची विकू नये, शेतमालकाने कामावर घेऊ नये, त्याच्या मुलांना शाळेत बसू देऊ नये आणि रस्त्याने जाऊ देऊ नये, असे साऱ्या गावाने एकमताने ठरविले तर त्यास काय म्हणावे? त्यात कोणाचे डोके फुटत नाही, कोणाचे घर जळत नाही, पोलिसांना पंचनामा करावा असे काही सापडत नाही. म्हणूनच शतकानुशतके अशा कृत्यास गुन्हा न म्हणता गावाची रीत म्हटले गेले.

नाशिक जिल्ह्याने १९३० साली ही रीत उघड्या डोळ्यांनी पाहिली. काळाराम मंदिर सत्याग्रहाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सत्याग्रहानंतर खेड्यापाड्यांतील आपल्या बांधवांवर जो बहिष्कार लादला गेला, त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. आमच्या मते त्या बहिष्काराचा इतिहास हा सत्याग्रहाच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे; कारण बहिष्कार हा दंडनीय अपराध होय, ही मागणी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी जागतिक व्यासपीठावर मांडली. प्रस्तुत लेखात त्या मागणीचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

वसलसुत्ताचा निकष

इतिहासाकडे वळण्यापूर्वी निकष निश्चित केला पाहिजे. तो निकष भगवान बुद्धांनी सुत्तनिपातातील वसलसुत्तात दिलेला आहे. भगवंत श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरत असताना अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने त्यांना दुरूनच अडविले आणि वसल, म्हणजे नीच, असे संबोधून तेथेच थांबण्यास फर्माविले. भगवंतांनी त्याच्यावर राग केला नाही. वसल कोण आणि कोणत्या गोष्टींनी माणूस वसल होतो हे तुला ठाऊक आहे काय, असे त्यांनी त्यालाच विचारले. त्याने आपले अज्ञान कबूल केल्यावर भगवंतांनी एकेक लक्षण सांगितले.

ही लक्षणे आज वाचली तरी ती एखाद्या दंडसंहितेप्रमाणे भासतात. क्रोधी आणि मनात डूख धरणारा, प्राण्यांविषयी दया नसणारा, गावे वेढून लोकांना छळणारा, दुसऱ्याचे धन चोरणारा, घेतलेले कर्ज नाकारणारा, वाटसरूस क्षुल्लक लोभापायी मारणारा, खोटी साक्ष देणारा, ऐपत असून वृद्ध आईबापांस न पोसणारा, आपले पाप झाकून ठेवणारा, तो वसल. आणि या यादीतच आत्मस्तुती करून दुसऱ्यास तुच्छ लेखणाऱ्याचाही समावेश आहे. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चोरी व हत्या यांच्या पंक्तीला भगवंतांनी माणसाने माणसास हीन मानणे हे कृत्य बसविले. अखेरीस त्यांनी चांडाळपुत्र मातंगाचे उदाहरण देऊन जन्माने कोणी वसल होत नाही व जन्माने कोणी ब्राह्मणही होत नाही, कर्मानेच तो तसा होतो, असा निर्णय दिला.

म्हणजे भेदभाव ही एक बाब आणि समाजविघातक वर्तन ही दुसरी बाब, असा फरक धम्म मानत नाही. भेदभाव हेच समाजविघातक वर्तन होय. हा निकष हाती घेऊन आपण नाशिककडे पाहू.

त्रिरश्मीची साक्ष

नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी पर्वतावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. परंतु तेथे पांडवांचा काहीही संबंध नाही, हे तेथील शिलालेखच सांगतात. ती बौद्ध भिक्खुसंघाची निवासस्थाने होत. एकोणिसावे लेणे सातवाहन राजा कण्ह याच्या काळातील, म्हणजे इसवीसनापूर्वीचे आहे.

या लेण्यांचे दाते कोण होते? एक लेणे मुगूदास नावाच्या कोळ्याने आपल्या परिवारासह दान दिले. सतरावे लेणे उत्तरेकडील दत्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे. चोविसावे लेणे वुधिक नावाच्या शक लेखनिकाचे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवल्याचा लेख आहे. ती ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, व्याजाने ठेवलेली होती. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी ठेवी ठेवल्या आणि त्या तेल्यांच्या व जलयंत्रे बनविणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे सोपविल्या. कोळी, विणकर, तेली, यवन, शक, स्त्रिया यांची नावे व कामे एकाच डोंगराच्या दगडावर राजांच्या नावांशेजारी कोरलेली आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे आणि त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने चार वर्णांचा संकर थांबविला, अशी प्रशंसा केलेली आहे. ते लेणेही भद्रायणीय भिक्खूंना दान दिलेले आहे. तेव्हा प्राचीन नाशिकमध्ये वर्णाभिमान नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. तो होता, आणि तो राजप्रशस्तीत मिरवीत होता. परंतु त्याच डोंगरावर कोळ्याच्या दानास मज्जाव झाला नाही. संघाने दात्याची जात विचारली नाही. दोन विचारधारा शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढील काळात त्यांपैकी एक लोपत गेली आणि दुसरी गावोगावच्या वेशीवर पहाऱ्याला बसली.

बंद दरवाजे

पंचवटीतील काळाराम मंदिर हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधविले. या मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी नाशिक येथे सत्याग्रह समिती स्थापन झाली. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे पुढे कर्मवीर दादासाहेब म्हणून सर्वपरिचित झालेले आपले नेते, हे या समितीचे चिटणीस होते. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १९०२ साली जन्मलेला हा तरुण त्या वेळी तिशीतही पोहोचलेला नव्हता.

रविवार, २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सुमारे पंधरा हजार लोक जमले होते. दुपारी निघालेली मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती आणि तीत सुमारे पाचशे स्त्रिया होत्या. मंदिराचे सर्व दरवाजे बंद करण्यात आले होते आणि दरवाजांवर जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी उभे होते. मिरवणूक शांतपणे गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे तिचे सभेत रूपांतर झाले. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांसमोर जाऊन बसली. मिठाच्या सत्याग्रहासाठी महात्मा गांधींनी साबरमती सोडली ती त्यानंतर नऊ दिवसांनी, हे ध्यानात घेतले म्हणजे नाशिकच्या या प्रारंभाचे महत्त्व कळते.

महिनाभर दरवाजे बंद राहिले. ९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातील रथ निघावयाचा होता. दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड झाली होती. ती पाळली गेली नाही. सत्याग्रहींचा हात लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला. मग दगडफेक झाली. कद्रेकर नावाचा भंडारी समाजातील तरुण पोलिसांचे कडे भेदून पुढे गेला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. स्वतः बाबासाहेबांनाही किरकोळ इजा झाली. या प्रकाराची हकीकत त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरास लिहून कळविली.

वसलसुत्ताचा निकष येथे लावून पाहावा. सत्याग्रही निःशस्त्र होते, भजने म्हणत बसले होते आणि केलेला करार पाळण्यास तयार होते. तरीही शांतताभंगाची भीती व्यक्त केली गेली ती त्यांच्याविषयी. वचन मोडले ते दुसऱ्या पक्षाने. गावाची शांतता म्हणून जी सांभाळली जात होती, ती एका वर्गाच्या अपमानावर उभी राहिलेली शांतता होती. उलटपक्षी कद्रेकर हे अस्पृश्य नव्हते. देवराव नाईक आणि द. वि. प्रधान हेही जन्माने स्पृश्यच. पण कर्माने ते सत्याग्रहींच्या बाजूस उभे राहिले. जन्माचा निकष किती फोल, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले.

खेड्यातील सूड

शहरातील दगडफेक एका दिवसात संपली. खेड्यात जे सुरू झाले ते मात्र दिवसांत संपणारे नव्हते. नाशिक जिल्ह्यातील गावांमध्ये अस्पृश्यांच्या मुलांना शाळा बंद झाल्या, त्यांना रस्ते बंद झाले, बाजारात जिन्नस मिळेनासे झाले. ज्यांनी पंचवटीस पाऊलही टाकले नव्हते, त्यांनाही ही शिक्षा भोगावी लागली. ही माणसे आमच्या बरोबरीला येऊ पाहतात, एवढाच काय तो त्यांचा अपराध होता.

या शस्त्राची धार का मोठी होती, हे समजून घेतले पाहिजे. गावातील अस्पृश्यांपाशी बहुधा जमीन नव्हती. वतनाच्या मोबदल्यात मिळणारे बलुते, शेतावरील मजुरी आणि कुळवहिवाटीने कसावयास मिळालेला तुकडा, एवढ्यावर त्यांची चूल पेटत असे. या तिन्हींची दोरी त्यांच्याच हाती होती, ज्यांच्याशी समतेचा झगडा करावयाचा होता. काठी उगारावी लागत नव्हती. दोरी आखडती घेतली की पुरे होई.

हा नाशिकपुरता अपवाद नव्हता. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे एक सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० सालीच आला. सनातनी लोक आपल्या आर्थिक सामर्थ्याचा शस्त्रासारखा उपयोग करतात, कुळांना जमिनीवरून काढतात, काम बंद करतात, गावकीचा मोबदला थांबवितात, पायवाटा अडवितात आणि वाण्याकडून माल मिळू देत नाहीत, असे या समितीने नमूद केले. कारणे किती क्षुल्लक असत? सार्वजनिक विहिरीचे पाणी घेतले, जमीन विकत घेतली, चांगले कपडे वा दागिने घातले, नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने मिरविले, एवढे पुरे होत असे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव संमत केला होता, आणि १९२७ साली महाडला काय घडले हे सर्वश्रुत आहे. कागदावरील हक्क गावात पोहोचताना बहिष्काराच्या भिंतीवर आदळत होता.

लंडन येथील मागणी

१९३० च्या नोव्हेंबरमध्ये लंडन येथे पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याकांच्या उपसमितीपुढे दलितांच्या संरक्षणाची योजना ठेवली. तिच्यात प्रतिनिधित्व, नोकऱ्या, नागरिकत्वाचे समान हक्क या मागण्या होत्या आणि त्यांच्याच जोडीला बहिष्काराविरुद्ध दंडाची मागणी होती. स्टार्ट समितीचे निष्कर्ष तिला आधार म्हणून जोडलेले होते.

या मागणीचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ निषेधाची नव्हती. तिच्यात व्याख्या होती. घर वा जमीन भाड्याने न देणे, व्यवहार न करणे, काम न देणे वा न करणे, नेहमीची सेवा नाकारणे, सामान्यतः जे सामाजिक वा व्यावसायिक संबंध ठेवले असते ते तोडणे, या सर्वांचा समावेश बहिष्कारात केलेला होता. बहिष्कार करणे, त्यास चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तीन स्वतंत्र अपराध ठरविले होते. पहिल्यास सात वर्षांपर्यंत आणि उरलेल्या दोहोंस पाच वर्षांपर्यंत कैद सुचविली होती. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा त्यासाठी आधार घेतला होता. ज्या कृत्यास नाशिकच्या गावकऱ्यांनी रीत म्हटले, त्यास बाबासाहेबांनी कायद्याच्या भाषेत नाव दिले. आमच्या मते हे वसलसुत्ताचेच कार्य होय : ज्यास समाज नीच म्हणत आला त्याच्यावरील बोट काढून, जे कृत्य नीच आहे त्यावर ते रोखणे.

इकडे नाशिकमध्ये भाऊराव गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांचे सहकारी यांनी सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालू ठेवला. ३ मार्च १९३४ रोजी भाऊरावांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे यासाठी हा लढा नव्हताच; त्यांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. १९४७ साली मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तेव्हा ज्यांच्यासाठी दरवाजे उघडले त्यांपैकी पुष्कळांची पावले निराळ्या दिशेला वळली होती.

कायद्याची मंद गती

बहिष्काराच्या मागणीचे पुढे काय झाले? संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाच्या सातव्या कलमात बहिष्काराची व्याख्या आली. परंतु शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. १९७६ साली या अधिनियमास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले व शिक्षा वाढली. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक अधिनियम संमत झाला, पण सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र अत्याचार म्हणून त्यात स्पष्ट शब्दांत समाविष्ट होण्यास २०१५ ची दुरुस्ती यावी लागली. लंडनमधील मागणीपासून मोजल्यास ही पंच्याऐंशी वर्षे होतात.

जात पंचायती आपल्याच जातीतील माणसांना वाळीत टाकतात, त्याविरुद्धच्या लढ्यातही नाशिकचा संबंध येतो. २०१३ साली नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या पित्यानेच खून केल्याचे प्रकरण घडले आणि त्यामागील जात पंचायतीचे दडपण उघडकीस आले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम नाशिक येथूनच सुरू केली. तिचे प्रेरक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. पण मोहीम थांबली नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

विनयातील दंड आणि जातीचा दंड

येथे एक आक्षेप येऊ शकतो. संघातही बहिष्काराचा दंड होताच ना? होता, आणि तो लपविण्याचे कारण नाही. भगवंतांनी महापरिनिर्वाणापूर्वी उद्धट छन्न भिक्खूस ब्रह्मदंड देण्यास सांगितले. म्हणजे त्याच्याशी कोणी बोलू नये. वड्ढ नावाच्या लिच्छवीने दब्ब मल्लपुत्तावर खोटा आरोप केला तेव्हा संघाने त्याच्याकरिता पात्र पालथे केले, म्हणजे त्याचे दान नाकारले.

परंतु हे दोन दंड पडताळून पाहिले म्हणजे जातीच्या बहिष्काराचे खरे रूप अधिकच उघडे पडते. संघाचा दंड व्यक्तीने केलेल्या कृत्याला होता, जन्माला नव्हता. तो त्या एका व्यक्तीपुरता होता, तिच्या मुलाबाळांना लागू नव्हता. तो संघाने विधिपूर्वक दिलेला होता आणि त्याची कारणे निश्चित होती. त्याने कोणाचे अन्नपाणी तुटत नव्हते. उलट पात्र पालथे करून भिक्खूच आपली भिक्षा गमावीत होते. आणि त्याचा शेवट होता : वड्ढाने चूक कबूल केली, पात्र पुन्हा उताणे झाले, छन्नास पश्चात्ताप झाला आणि तो अर्हत झाला. जातीच्या बहिष्कारात यांपैकी एकही गोष्ट आढळत नाही. जन्मलेल्या माणसाने पश्चात्ताप तरी कशाचा करावयाचा?

समाजविघातक वर्तनास आवर घालण्याचा धम्ममार्ग यातून स्पष्ट होतो. दोष कृत्यात शोधावा, कारण सांगावे, आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. कायदा हे त्या मार्गाचे कुंपण आहे, मार्ग नव्हे.

आमच्या दाराशी

हा लेख येथे संपविला तर तो सोयीस्कर होईल. पण अपुरा राहील. वसलसुत्तातील लक्षणे केवळ इतरांसाठी सांगितलेली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही मुलामुलींच्या विवाहाची बोलणी सुरू झाली की पूर्वाश्रमीची पोटजात हळूच विचारली जाते. विहारात एका वस्तीची मंडळी पुढे बसतात आणि दुसऱ्या वस्तीची दाराशी रेंगाळतात. मतभेद झालेल्या कार्यकर्त्याच्या घरच्या दुःखाच्या प्रसंगीही पाठ फिरविली जाते. ही उदाहरणे लहान आहेत, असे कोणी म्हणेल. नाशिकच्या गावकऱ्यांनाही आपले कृत्य लहानच वाटत होते.

त्रिरश्मीवर मुगूदास कोळ्याच्या लेण्यासमोर उभे राहिले की त्याचे नाव अजून वाचता येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघाने ते नाव दगडावर राहू दिले. काळारामाच्या दारासमोर ऊन सोशीत बसलेल्या त्या दीडशे स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांची नावे मात्र आपणही जतन केलेली नाहीत. आणि बहिष्कारात ज्यांच्या चुली थंडावल्या, त्यांची तर मुळीच नाहीत. नाशिक, निफाड, सिन्नर, येवले, दिंडोरी या तालुक्यांतील घरोघरी अजूनही आजीआजोबांकडून ऐकलेल्या हकिकती असतील. उपासक-उपासिकांनी त्या लिहून काढाव्यात आणि आपापल्या विहारात जपून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. बहिष्कृतांचे नाव नोंदविणे हे बहिष्कार मोडण्याचे पहिले पाऊल होय.